फुलोरा पाहून निवडलेली झाडे

1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. त्या काळच्या वसाहतींमध्ये आणि नव्या उपनगरांमध्ये रस्त्याकडेला गुलमोहर, पीतमोहर, पर्जन्यवृक्ष लावले गेले. ती निवड अविचारी नव्हती: वाढ जलद, सावली पसरट, फुलोरा लवकर. पण गुलमोहराचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ, हे झाड थोराड झाल्यावरच जाणवते.

झाड वादळाने पडले, असे आपण म्हणतो. वादळ हे शेवटचे कारण असते. रस्ता काँक्रीटचा होताना पेव्हर ब्लॉक खोडाला भिडतात आणि मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते, गटारासाठी वा केबलसाठी चर खणताना एका बाजूची आधारमुळे तुटतात, तारा मोकळ्या करण्यासाठी एकाच अंगाच्या फांद्या छाटल्याने डोलाऱ्याचा तोल जातो आणि छाटणीच्या जखमेतून शिरलेली बुरशी खोड आतून पोखरते. वरची पालवी यातले काही सांगत नाही. उरलेल्या मुळांवर भागते तोवर झाड बहरतही राहते. मग पावसाळ्यात माती भिजून तिची पकड सैल झाली की एक जोरदार झोत पुरतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. जिथे पदपथच जेमतेम तेवढा असतो, तिथे ती सोडायची कुठून?

गुलमोहरासारखे परदेशी झाड म्हणजे वाईट, असे समीकरण मी मांडत नाही. त्याच सिमेंटच्या खड्ड्यात देशी बहावा लावला तरी त्याची मुळेही गुदमरतील. ताम्हणाचा आटोपशीर विस्तार अरुंद पदपथाला अधिक मानवतो, एवढेच. खरा दोष मोजमापात आहे. नागरी वृक्षसंरक्षणाच्या 1975 च्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक केले, पण चाळीस वर्षांच्या एका झाडाबदल्यात लावायच्या चाळीस रोपांना चाळीस झाडांपुरती माती त्याच रस्त्यावर मिळत नाही. मग ही रोपे जागा असेल तिथे जातात, आणि निवड पुन्हा लवकर फुलणाऱ्यांची होते. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाकडेचा गुलाबी टॅबेबुया फुलला की तसाच रस्ता आपल्याकडेही हवा, असे वाटणे साहजिक आहे. मात्र एकाच जातीची रांग कीड आली की एकदम संकटात सापडते. मुंबईत पिठ्या ढेकणाने पर्जन्यवृक्ष वाळले, तेव्हा हे दिसले होते.

एकाच काळात लावलेली झाडे साधारण एकाच काळात खंगतात. त्यामुळे येत्या दशका-दोन दशकांत कागदावरची वृक्षसंख्या वाढत असताना, पत्र्याच्या शेडमधून दुपारी बाहेर पडणाऱ्या कामगाराचा रस्ता मात्र सावलीविना राहण्याची शक्यता अधिक आहे.