चौकटीबाहेरची माणसे

राजस्थानातील एका राजवाड्यात, म्हणजे आता हॉटेल झालेल्या राजवाड्यात, पार पडलेल्या लग्नाची छायाचित्रे काढून आलेला एक तरुण परवा घरी आला होता. आपल्याच एका जुन्या कार्यकर्त्याचा हा मुलगा. वधूवर दोघेही मुंबईचे. वऱ्हाड विमानाने गेलेले. हळद, संगीत, वरात, तळ्याकाठचा मंडप, सप्तपदी, पाठवणी असा तीन दिवसांचा सोहळा त्याने मला संगणकाच्या पडद्यावर दाखवला. छायाचित्रे सुरेख होती. मुलाच्या हातात कसब आहे यात शंका नाही. पण शे-दोनशे चित्रे पाहून झाल्यावर काहीतरी खटकू लागले. तीन दिवस शेकडो माणसे जेवली, पण वाढणारा एकही हात कोठे दिसला नाही.

मी विचारले तेव्हा तो सहजपणे म्हणाला, "काका, तशी सूचनाच असते. वाढपी, झाडणाऱ्या बायका, दिव्यांच्या तारा ओढणारी पोरे चौकटीत येऊ द्यायची नाहीत. चुकून आलीच तर नंतर संगणकावर पुसून टाकायची."

"मग दारावरचा हा फेटेवाला? तो तर दहा चित्रांत आहे."

"तो चालतो. तो राजवाड्याला शोभतो."

माणूस वेशभूषेपुरता चालतो, श्रमापुरता चालत नाही, असा या उत्तराचा अर्थ आहे. संस्थानी काळातील दरबारी छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल, की चवरी ढाळणारे, छत्र धरणारे, शिकारीत हाकारे घालणारे लोक त्यांत मागच्या रांगेत का होईना, उभे असत. आपल्या ऐश्वर्याचा पुरावा म्हणून सरंजामदाराला सेवक दाखवावासा वाटे. त्यात समता नव्हतीच. पण ती विषमता निदान उघडी होती. आजच्या पैशाला सरंजामी वैभव तर हवे आहे, मात्र ते कोणाच्याही कष्टांवाचून आकाशातून उतरल्यासारखे दिसायला हवे आहे.

हा मुलगा गेला होता तो राजवाडा निराळा. पण अशा वास्तूंची कुळकथा समजून घ्यायची तर जोधपूरचे उमेद भवन पाहावे. १९२९ साली त्याचा पाया घातला गेला आणि १९४३ साली ते पूर्ण झाले. मारवाडातील दुष्काळग्रस्त प्रजेला काम मिळावे म्हणून महाराजा उमेदसिंह यांनी हे बांधकाम काढले, असे आजही अभिमानाने सांगितले जाते. दुष्काळी कामातून पाझर तलाव, बंधारे आणि रस्ते उभे राहू शकतात, हे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने पाहिले आणि त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आला. मारवाडातल्या भुकेल्या हातांनी मात्र राजासाठी महाल उभारला. त्याच महालात डिसेंबर २०१८ मध्ये प्रियांका चोप्रा व निक जोनास यांचे जगभर गाजलेले लग्न झाले. चित्रे सर्वांनी पाहिली. तो दगड कोणी वाहिला हे कोणी विचारले नाही.

१९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि किताब गेले. एक लढाई जिंकली असे आपण मानले. आज दिसते ते असे, की राजेपण संपले नाही. ते दर रात्रीच्या भाड्याने मिळू लागले आहे.

यावर उत्तर ठरलेले असते : अशा लग्नांनी रोजगार मिळतो. पंतप्रधानांनीही नोव्हेंबर २०२३ मध्ये आकाशवाणीवरील आपल्या भाषणात, परदेशी जाऊन लग्ने करण्याऐवजी ती देशातच करावीत, असे आवाहन केले होते. रोजगार मिळतो हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कोणत्या अटींवर मिळतो हा.

या मुलाचेच पाहा. पहाटेच्या तयारीपासून मध्यरात्रीच्या नाचापर्यंत तो उभा. जेवण रात्री एक वाजता, तळघरात. लेखी करार नाही. पैशांचा शेवटचा हप्ता आल्बम पसंत पडल्यावर. त्याचे दोन मदतनीस रोजंदारीवर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो, काढणारा नव्हे. श्रमिक आपल्या श्रमाच्या फळापासून कसा दुरावतो हे आपण अभ्यासवर्गात शिकवत आलो. हा मुलगा तो धडा गळ्यात अडकवून हिंडतो आहे, आणि तरीही आपण कामगार आहोत असे त्याला वाटत नाही.

दोष केवळ श्रीमंतांना देऊन आपली सुटका नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय पहिला विवाह लावला, त्याच महाराष्ट्रात आज कार्यकर्त्यांच्या घरांतही कर्ज काढून कापडी राजवाड्याचे देखावे उभारले जातात. आजोबांनी चहापानावर नोंदणी विवाह केला, नातू 'छायाचित्रात बरे दिसावे' म्हणून कमान भाड्याने आणतो. पूर्वी भटजी यजमानाला थांबवीत. आता कॅमेरा भटजींना थांबवतो. एका अधिकाराच्या जागी दुसरा आला, माणूस मोकळा झाला नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मंडपवाले, आचारी, वाढपी, वाजंत्री आणि छायाचित्रकार हे सारे एकाच मांडवाखाली राबतात; तालुक्या-तालुक्यांत त्यांची एक संघटना उभी राहिली पाहिजे. लेखी करार, कामाचे तास, वेळेवर जेवण, जादा कामाचे दाम आणि शेवटच्या हप्त्याची मुदत एवढ्या पाच मागण्या सुरुवातीला पुरेत. आणि दुसरी गोष्ट आपल्या घरची : साधे लग्न करावे, आणि ज्यांनी ते पार पाडले त्यांना चित्रात घ्यावे.

जाताना त्या मुलाने आणखी एक चित्र दाखवले. वऱ्हाड झोपले आहे, उजाडते आहे आणि चौकात चार बायका झेंडूचा खच झाडून गोळा करीत आहेत. आल्बमात ते नव्हते. "हे मी ठेवून घेतले," तो म्हणाला, "पण कोणाला दाखवायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही."

तो हक्क मिळवणे हेही आपलेच काम आहे.