बोधचिन्हातील देवनागरी

एखाद्या पेढीचे बोधचिन्ह सिद्ध करण्याचा करार होतो तेव्हा रंगसंगतीपासून पत्रशीर्षापर्यंत सर्व बाबींचा खल केला जातो. परंतु त्या पेढीचे नाव देवनागरीत कसे दिसावे, हा प्रश्न बहुधा मसुद्यात नसतोच. रोमन अक्षरांतील आकृती मंजूर होते, मोबदला चुकता होतो, आणि पुढे कधीतरी कायद्याची निकड म्हणून मराठी नावाचे काम फलक करणाऱ्या कारागिराकडे सोपविले जाते. २०२२ साली राज्याच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी नामफलक बंधनकारक झाला, मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असा दंडक आला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिल्यावर जे फलक घाईघाईने उभे राहिले, त्यांनी अक्षरांचे माप पाळले, पण सौष्ठव क्वचितच सांभाळले.

यात कारागिराचा कसूर नाही. रोमन लिपीतील मोठी अक्षरे दोन समांतर रेषांत सहज मावतात. देवनागरीस मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांसाठी आणि तळाशी उकारासाठी अवकाश लागतो, आणि रोमन नावाच्या मापाने आखलेल्या पट्टीत तो न मिळाल्यामुळे एक तर मात्रा चेपल्या जातात, नाही तर मूळ अक्षरच इतके आक्रसते की रस्त्यापलीकडून वाचता येत नाही.

दोन्ही लिपींचा विचार आरंभीच झाला तर काय साधते, ते रुपयाच्या चिन्हात पाहावे. मुंबईच्या आयआयटीत अभिकल्पाचे अध्ययन केलेल्या डी. उदय कुमार यांनी रचलेल्या आणि जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने स्वीकारलेल्या त्या चिन्हात देवनागरी 'र' आणि उभा दंड वगळलेला रोमन 'आर' असे एकजीव झाले आहेत की कोणता आधी सुचला असेल, हे सांगता येऊ नये.

मराठी मुलखात अक्षररचनेच्या या विद्येची वाण कधीच नव्हती. कमल शेडगे यांनी जाहिरातींसाठी रेखाटलेली नाटकांची शीर्षके त्या त्या नाटकाची प्रकृती अक्षरांच्या वळणातूनच प्रकट करीत; र. कृ. जोशी यांनी सुलेखनापासून संगणकावरील 'मंगल' टंकापर्यंत देवनागरीची उपासना केली. अशी परंपरा असताना मराठी नावाने उपऱ्यासारखे कडेला उभे राहावे, याचे मला मनस्वी दुःख होते.

म्हणून काम देणाऱ्या मालकांना माझी विनंती आहे की, देवनागरी रूप पहिल्या मसुद्यासोबतच सादर व्हावे, ते शिक्क्याएवढ्या लहान आणि फलकाएवढ्या मोठ्या अशा दोन्ही आकारांत तपासले जावे, अशी तजवीज करारनाम्यातच करावी, आणि देवनागरी रूपाचा मोबदलाही निराळा धरावा. कारण ती स्वतंत्र रचना असून तिला रोमन आकृतीइतकाच वेळ द्यावा लागतो.