भट्टीपाशी बाई का नको?

‘छंद’ हा शब्द आपल्या बैठकांत फारसा येत नाही. पाणी, रेशन, मारहाण, पोटगी, कामाचा मोबदला यांतून उसंत मिळाली तर ना! म्हणूनच मी घराच्या मागच्या पडवीत धातू ओतते असे सांगितले की मैत्रिणी आधी हसतात, आणि मग विचारतात, “अगं, पण हे कशाला?” पुरुषाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. रविवारी तो गच्चीवर अॅल्युमिनियमचे भंगार वितळवत बसला तर त्याचे डोके चालते, आणि बाई बसली तर ती घर पेटवून देईल! या फरकाबद्दल मला लिहायचे आहे.

ओतकाम म्हणजे काय? वितळवायचे, साच्यात ओतायचे, निवू द्यायचे आणि कडा घासून साफ करायच्या. बचत गटांच्या शिबिरांत मेणबत्त्या करायला शिकवतात, तेव्हा आपण नेमके हेच करतो. मेण साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळते, कथील २३२ला, जस्त ४२०ला, अॅल्युमिनियम ६६०ला आणि तांबे १०८५ला. मेण असेपर्यंत हे ‘बायकांना जमण्यासारखे’ काम असते. मग नक्की कितव्या अंशाला ते पुरुषांचे होते? कथील तर आपल्या ओळखीचेच. कल्हईवाल्याच्या भात्यापुढे पातेली घेऊन आपल्या आज्या-आया उभ्या राहिल्या. तापलेल्या भांड्यात ते चमकत पसरताना त्यांनी पाहिले. पण भाता त्यांच्या हाती आला नाही.

“आगीशी खेळ नको” असे सांगणाऱ्यांना मी एक आठवण करून देते. आपली चळवळ उभी राहिली तीच मुळी जळालेल्या बायकांच्या प्रश्नावर. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या एका वाक्यात किती मृत्यू गुंडाळले गेले! भारतीय दंडविधानात १९८३ साली कलम ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीचे कलम ३०४-ब आले, ते या रेट्यामुळेच. नायलॉनची साडी नेसून, पदर सावरत, अंधाऱ्या स्वयंपाकघरात दिवसातले कितीतरी तास बाई विस्तवापाशी असते. त्या आगीची काळजी घराला वाटत नाही. तिने स्वतःच्या मर्जीने पेटवलेल्या आगीची मात्र लगेच वाटते. म्हणजे आक्षेप आगीला नसून मर्जीला आहे.

ओतकाम बाईच्या परंपरेतले नाही, असेही नाही. बस्तरच्या ढोकरा कामात मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळून नक्षी घडवतात. वर मातीचा लेप देतात. भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या जागी पितळ उतरते. मेणाच्या आणि मातीच्या या कामात घरच्या बायकांचे हात असतातच, पण कारागीर म्हणून नाव बहुधा घरच्या पुरुषाचे लागते. शिल्पकार मीरा मुखर्जी (१९२३–१९९८) बस्तरच्या कारागिरांकडे जाऊन हे तंत्र शिकल्या आणि त्यांनी ब्राँझची मोठाली शिल्पे केली. देशभरच्या धातुकारागिरांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपल्याकडच्या ओतारी समाजाला किंवा ढोकरा कारागिरांना हे काम जातीने मिळाले, पोटासाठी करावे लागले. त्याला छंद म्हणण्याची चैन त्यांना नव्हती. मी पोट भरलेले असताना ओतते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्या घरांतल्या बायकांच्या बिनमोलाच्या श्रमांचे नाव घेतल्याशिवाय मला माझ्या छंदाबद्दल बोलता येत नाही.

कारखान्यांतही चित्र वेगळे नाही. कोल्हापूरचा ओतकाम उद्योग देशात नावाजलेला आहे. पण मी पाहिलेल्या ओतशाळांत बाई भेटली ती वाळू चाळताना किंवा गाभे घासताना. मुशीपाशी नाही, आणि पगारही त्याच हिशेबाने. १९४८च्या कारखाना कायद्याने बाईला रात्रपाळी नाकारली. धोक्याच्या कामांतून स्त्रियांना वगळण्याची मुभाही सरकारांना दिली. शिशाची वाफ आणि धूळ पुरुषाच्या अंगातही विषच कालवते. तरी जागा स्वच्छ करण्याऐवजी बाईलाच बाहेर काढणे सोपे वाटले. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगारसंहितेत स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांचा हक्क दिला आहे. पण ज्या हातांना लहानपणापासून पक्कड धरू दिली नाही, ते हात हा हक्क बजावणार कसे?

आता वेळेचे बोलू. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. या दोन आकड्यांच्या मधल्या २०१ मिनिटांत पुरुषांचे छंद वाढतात. बाईला दिलेले छंदही बघा: भरतकाम, विणकाम, रांगोळी. सगळे घराच्या उपयोगाचे, आणि हाक आली की तत्काळ खाली ठेवता येणारे. वितळलेला धातू खाली ठेवता येत नाही. तो ओतून होईपर्यंत “चहा टाक” या हाकेला उत्तर देता येत नाही. मला या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

धोका नाही असे मी म्हणत नाही. धोका नीट समजून घेण्याचा आपल्यालाही हक्क आहे, एवढेच म्हणते. साच्यात ओल राहिली तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून अंगावर येतो. म्हणून साचा खडखडीत वाळलेला हवा. खाली सिमेंटची फरशी नको, कोरड्या वाळूचा थर हवा. अंगात सुती कपडे, पायात बंद चामडी जोडे, डोळ्यांवर चष्मा. जागा उघडी, मुले लांब. ओतायची पळी आणि भांडे पुन्हा स्वयंपाकात न्यायचे नाही. शिसे स्वस्त मिळते, पण ते घरात वितळवू नये. आईच्या रक्तातून ते गर्भापर्यंत पोचते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. सोल्डरच्या तारेतही ते असू शकते, म्हणून शुद्ध कथीलच मागून घ्यावे. पितळेच्या वाटेला नवख्या हातांनी जाऊ नये, त्यातल्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. सुरुवात कोकणच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या समुद्रफेनापासून करता येते. त्याचे दोन तुकडे एकमेकांवर घासून सपाट करायचे. मध्ये बटण किंवा शिंपला दाबून ठसा घ्यायचा. वरून ओतायला वाट कोरायची, पुरते वाळू द्यायचे, तारेने बांधायचे. झाला साचा.

“बायकांच्या जगण्यामरण्याचे प्रश्न पडले असताना हे काय?” असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण जगण्याचा हक्क मागताना आपण फक्त जिवंत राहण्याचा हक्क मागत नव्हतो. आपल्या पुढच्या शिबिरांत शिवण आणि पापडांच्या शेजारी एक दिवस कथिलाला द्या. आयटीआयमध्ये ‘फाउंड्रीमन’ हा अभ्यासक्रम असतो. तुमच्या गावच्या संस्थेत तो आहे का आणि त्यात किती मुली आहेत, हे विचारून या. आणि घरी कोणी “हे कशाला?” असे विचारलेच, तर उत्तर देण्याची घाई करू नका. आधी हातातले ओतून पुरे करा.