भाऊबीजेनंतर कोकणात जाताय? आधी तिथी बघा



दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेच्या गेटवर एकच विषय असतो, कुठे जाणार? आपल्या घाटावरच्या बऱ्याच घरांत उत्तर ठरलेलं असतं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी गाडी काढायची आणि मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला. हल्ली काहीजण बाली, फुकेत म्हणतात, म्हणू द्या. तीन ते दहा वर्षांची मुलं बरोबर असतील तर मला कोकणच बरं वाटतं. भाषा आपली, जेवण ओळखीचं, आणि मुलाला ताप आला तर डॉक्टरला काय होतंय ते मराठीत सांगता येतं.

पण आपण नियोजन कशाचं करतो? खोली, गाडी, मासे कुठे चांगले मिळतात, तीन दिवसांत किती ठिकाणं होतील. ज्या समुद्रासाठी एवढं चाललंय त्याचं वेळापत्रक मात्र कोणीच बघत नाही. माझं स्पष्ट मत आहे की लहान मुलांची कोकण सहल भिंतीवरचं कॅलेंडर काढून, तिथी बघून ठरवावी.

हे अंधश्रद्धेचं नाही, गणिताचं आहे. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तोंडी सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून दुपारी तीनला असेल तर पहाटेही साधारण त्याच सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. रोज हे सगळं अंदाजे पाऊण तास पुढे सरकतं. आपल्या आजोबांना शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करावी लागायची, त्यातली ही पाऊणकी इथे उपयोगाला येते. अर्थात हा अंदाज आहे. जागेनुसार थोडं मागेपुढे होतं, म्हणून गावातल्या मच्छीमाराला विचारून खात्री करायचीच.

आता हे दिवाळीला लावून बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, आणि अमावास्येला आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं. उधाण म्हणजे भरतीला पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त खाली जातं. हा जोर पुढचे एकदोन दिवस टिकतो. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती, तिथून पाणी उतरायला लागतं ते रात्री पावणेआठपर्यंत. उतरत्या पाण्याला सगळ्यात जास्त ओढ मधल्या दोन तासांत असते, तिसऱ्या आणि चौथ्या. म्हणजे साडेतीन ते साडेपाच. आणि आपली मंडळी किनाऱ्यावर केव्हा येतात? जेवून, झोपून, चहा घेऊन, सूर्यास्त बघायला चार साडेचारला! मुलं पाण्यात, मोठे फोटोत. तृतीयेला हीच वेळ पाऊण तास पुढे जाते, पण सूर्यास्ताची वेळ काही सुटत नाही.

देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे तर जास्तच जपायला हवं. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर पडतं. दिसायला ते पाणी शांत, उथळ, लाटाही कमी, म्हणून आईवडिलांना वाटतं की मुलांसाठी हीच जागा बरी. ओहोटीला तिथे मुलांना पाण्यात सोडू नये, गुडघ्याएवढ्या पाण्यातसुद्धा.

मग करायचं काय? सुट्टी भाऊबीजेला संपत नाही, पुढे चांगले दिवस शिल्लक असतात. पाहुणे, फराळ, शेव-चकली निवांत होऊ दे, आणि पंचमी-षष्ठीला निघा. सप्तमी, अष्टमी, नवमीला समुद्र भांगाचा असतो. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरती-ओहोटीतला फरक कमी. शिवाय सप्तमीला भरती सव्वापाचला, अष्टमीला सहाला. म्हणजे चार ते पाच या वेळात पाणी वर येत असतं, बाहेर ओढत नसतं. आणि गर्दीही थोडी ओसरलेली असते. द्वितीयेलाच जावं लागलं तर मुलांचं पाण्यात खेळणं सकाळी आठनंतर घ्या, संध्याकाळी किल्ले करायचे ते कोरड्या वाळूत.

तिथी जमली म्हणून लक्ष काढायचं नाही. भांगाच्या दिवशीही लाट मुलाला पाडू शकते. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, गपकन खाली जातं. आपल्याकडे चार कुटुंबं मिळून जातात, काका, मामा, आत्या सगळे असतात, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून पाळी लावा. पंधरा मिनिटं एकाची, मोबाइल दुसऱ्याच्या हातात देऊन, मुलापासून हाताच्या अंतरावर. आम्ही शाळेची सहल नेतो तेव्हा मुलांचे गट पाडून प्रत्येक गट एकेका शिक्षकाकडे देतो, तसंच हे.

हवा भरायची रबरी ट्यूब हे खेळणं आहे, सुरक्षा नाही. खारे वारे आणि मतलई वारे आपण वर्गात शिकवतो ना? पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वेळी ट्यूब मुलासकट आत जाऊ शकते. बोटीत बसताना जॅकेट मुलाच्या मापाचं मागा. बकल लावून खांद्याजवळ धरून वर उचलून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, बदलून घ्या. मापाचं नसेल तर त्या बोटीत बसू नका, पैसे दिलेले असले तरी.

बाकीचं थोडक्यात. घाट उतरायच्या आधी मुलांना पोटभर खायला घालू नका, आंबोली असो की फोंडा, वळणं चुकत नाहीत. रेल्वेने जात असाल तर पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्याला बर्थ घेतला तर पूर्ण भाडं, नाहीतर अर्धं. कोकणात पाऊस संपल्यावरही दुपारी ऊन आणि दमट हवा असते, घाम वाळत नाही. अकरा ते साडेतीन मुलं सावलीत ठेवा. सुती कपडे दोन जोड जास्तच घ्या. तिखट माशाचं सार मुलं खात नाहीत म्हणून बिस्किटांवर दिवस काढू नका, घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगितलं तर पेज, घावणे, नारळाच्या रसातले शिरवाळे करून देतात.

आणि दिवसाला एकच ठिकाण. सुट्टीनंतर मुलांच्या निबंधात ठिकाणांच्या नावांची नुसती माळ असते, वर्णन कशाचंच नाही. मात्र ओहोटीला वाळूच्या बारीक गोळ्या करत बसणारा इवलासा खेकडा ज्याने अर्धा तास बघितलाय तो पानभर लिहितो. सिंधुदुर्ग किल्ल्यावरही तसंच. १६६४ ते १६६७ या काळात बांधला एवढं वाचून पुढे पळू नका. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींजवळ थांबा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं पाणी कसं, हा प्रश्न चौथीतलं मूल स्वतःहून विचारतं. उत्तर लगेच देऊ नका.

तिथी काढायचं काम मुलांनाच द्या. घरात कालनिर्णय असेलच. (ते सुरू करणारे जयंत साळगावकर मूळचे मालवणचे, हेही सांगा.) तिसरी-चौथीच्या मुलांसाठी खालची उदाहरणं वहीत सोडवून घ्या, आणि कोकणात पोचल्यावर घड्याळ लावून किनाऱ्यावर पडताळून बघायला सांगा.

१) षष्ठीला भरती किती वाजता?
२) दशमीला दुपारी चार वाजता पाणी चढत असेल की उतरत असेल?
३) आपण ज्या दिवशी पोचणार त्या दिवशीची तिथी कोणती? त्या दिवशी पाण्यात खेळायची वेळ तुम्ही ठरवा आणि आईबाबांना कारण सांगा.