'डायरेक्ट' करून दे

उल्हासनगर कॅम्प १ मध्ये लिफ्टचं काम करताना एक वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकलं असेल : "भाई, फिलहाल डायरेक्ट कर दो."

डायरेक्ट म्हणजे काय? प्रत्येक मजल्याच्या दाराला लॉक असतं आणि लॉकमध्ये विजेचा काँटॅक्ट. सगळ्या मजल्यांचे काँटॅक्ट एकाच सर्किटमध्ये ओळीने जोडलेले. एक दार जरी नीट बसलं नाही, तरी लिफ्ट हलत नाही. लोक म्हणतात, बिघडली. खरं तर ती शुद्धीवर असते म्हणूनच थांबलेली असते. वायरीचा बोटभर तुकडा लावला की ती धावते, दार उघडं असलं तरी.

लोकांना भीती वाटते ती दोराची. एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टवर उभं राहून दोर कापायला लावला होता. लिफ्ट जागेवर अडकली. आजही केबिन वेगाने खाली जाऊ लागली तर सेफ्टी रुळांना पकडते. बाळकुमला सप्टेंबर २०२३ मध्ये ७ मजूर गेले, ती बांधकामावरची लिफ्ट होती. राहत्या इमारतीत मला दाराची जास्त धास्ती वाटते. हूक घासलेला, दार ओढलं की उघडतं, केबिन असते वर आणि माणूस मोबाइल बघत पाय टाकतो.

मीही एकदा डायरेक्ट केलंय. घरात हळद होती, पाहुणे खाली ताटकळले होते, पाचव्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे गेलेले. त्यांची अडचण खोटी नव्हती. त्या रात्री झोप लागली नाही. फजरनंतर जाऊन वायर काढली आणि लिफ्ट बंद केली. सेक्रेटरी भडकले. महिनाअखेरीस मेंटेनन्सचं काम दुसऱ्याला गेलं, माझ्यापेक्षा स्वस्तात.

सोसायटीला दोष देणं सोपं आहे. महाराष्ट्रात २०१७ चा लिफ्टचा कायदा आहे, त्यात परवाना आहे, तपासणी आहे. पण प्रत्यक्ष शाफ्टमध्ये उतरतो तो आपल्या मोहल्ल्यातला, उस्तादाच्या हाताखाली शिकलेला पोरगा. हातात हुनर आहे, कागद नाही. तो नाही म्हणाला तर उद्या दुसरा येतो. आयटीआयमध्ये लिफ्ट आणि एस्कलेटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, हे मी विचारलेल्या पोरांपैकी एकालाही माहीत नव्हतं. इफ्तारच्या दावतींवर खर्च करणाऱ्या आपल्या जमातींनी दोन-चार पोरांची फी भरली तर काय बिघडेल? आणि जुम्याच्या बयानात हलाल कमाईचा विषय निघतो तेव्हा मांस आणि व्याजाच्या पुढे जाऊन कधीतरी या बोटभर वायरीबद्दलही बोलावं. दुसऱ्याचा जीवही अमानतच असतो ना?

परवा त्याच इमारतीतून फोन आला. लिफ्ट पुन्हा अडकलेली. "लॉक नवीन बसवायचं असेल तर येतो," म्हणालो.

"मीटिंगमध्ये विचारून सांगतो," सेक्रेटरी म्हणाले. अजून काही कळवलेलं नाही.