तबकडीचीही पाठचिकित्सा हवी

एखाद्या जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती आली की आम्ही मराठीचे अध्यापक सवयीने आधी प्रस्तावना उघडतो. संपादकाने कोणत्या पोथ्या वापरल्या, पाठ कसा ठरवला, प्रक्षिप्त काय मानले, हे तेथे सांगितलेले नसेल तर ती आवृत्ती आम्ही विद्यार्थ्यांना सुचवीत नाही. ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. १९०९ मध्ये राजवाड्यांनी आपल्याला सापडलेल्या पोथीच्या आधारे वेगळी ज्ञानेश्वरी छापली आणि वाद ओढवून घेतला. तुकारामांच्या गाथेची १८६९ ची इंदुप्रकाश प्रत आणि १९५० ची सरकारी प्रत यांतील भेद आपण वर्गात शिकवतो. मात्र हेच आपण संध्याकाळी घरी अब्दुल करीम खाँसाहेबांची पुनर्प्रकाशित सीडी लावतो तेव्हा वेष्टनावर साल आहे की नाही, हेही पाहत नाही. पुनर्प्रकाशित ध्वनिमुद्रिका ही संपादित आवृत्तीच असते आणि तिच्याकडूनही आवृत्तीच्याच शिस्तीची मागणी केली पाहिजे, एवढेच आम्हांला येथे मांडायचे आहे.

ही मागणी आम्हांला सुचली ती जॅझमुळे. आमच्यापैकी काहींना बऱ्याच वर्षांपासून जॅझचा नाद आहे. कोल्हापुरात या संगीताची तबकडी मिळण्याची सोय फारशी कधी नव्हतीच. मुंबईत काळाघोडा येथे ऱ्हिदम हाउस होते; तेही २०१६ मध्ये बंद झाले. आता ऑनलाइन विक्रेत्यांकडून मागवायचे आणि टपालाची वाट पाहायची. ही खरेदी करता करता एक गोष्ट लक्षात आली. जॅझची बरी पुनर्प्रकाशित तबकडी घेतली की तिच्यासोबत ध्वनिमुद्रणाची तारीख, स्टुडिओ, प्रत्येक वादकाचे नाव, त्याचे वाद्य, आणि त्या दिवशी तीच रचना किती वेळा वाजवली व त्यांतली कोणती घेतली, हे सर्व छापलेले असते. याची मुळे जुनी आहेत. शार्ल दलोने या फ्रेंच अभ्यासकाने १९३६ मध्येच जॅझच्या ध्वनिमुद्रिकांची तपशीलवार सूची पुस्तकरूपाने काढली. त्या वेळी या संगीताला विद्यापीठांत काडीचीही प्रतिष्ठा नव्हती. रसिकांनी आधी सूची केली. विद्यापीठे मागाहून आली.

या शिस्तीचे फळ काय मिळते, याचे एकच उदाहरण देतो. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही १९५९ ची ध्वनिमुद्रिका जगभर ऐकली गेली. तिच्या पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना मूळ वादनापेक्षा किंचित चढ्या स्वरात छापल्या गेल्या होत्या, कारण २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक टेपयंत्र जरा मंद चालत होते. तीस वर्षांहून अधिक काळ श्रोते आणि त्या तबकडीवरून शिकणारे वादकही तो चढा पाठच मूळ समजत होते. १९९० च्या दशकातील पुनर्प्रकाशनात दुसऱ्या यंत्रावरील टेप वापरून हा पाठ सुधारला गेला. पाठचिकित्सा म्हणतात ती हीच. दोन प्रती ताडून पाहिल्या, एकीतील दोषाचे कारण शोधले आणि दुसरी ग्राह्य मानली. सुखठणकरांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या लोकांना हे समजायला अवघड नाही.

आता आपल्या घराकडे वळू. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले आणि तेथून पुढे सुमारे सात दशके आपले संगीत लाखेच्या तबकड्यांवर साठत गेले. आपण त्यांना सरसकट ७८ फेऱ्यांच्या तबकड्या म्हणतो, पण आरंभीच्या काळात हा वेग सर्वत्र सारखा नव्हता. ८० फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ पाव स्वराने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याने उतरतो आणि लयही ढिली होते. ज्या संगीतात श्रुतीचा विचार केला जातो, ज्यात गवयाची पट्टी हा त्याच्या ओळखीचा भाग असतो, त्यात हा फरक नगण्य कसा मानावा? तरीही कोणता वेग धरून तबकडी वाजवली, हे वेष्टनावर लिहिणारी पुनर्प्रकाशने आमच्या पाहण्यात फार थोडी आली.

या संदर्भात केसरबाई केरकरांचे उदाहरण मनाला लागते. अल्लादिया खाँसाहेबांच्या या शिष्येची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या तबकडीच्या आवरणावर ती कोणत्या वेगाने फिरवायची, हे आकृती काढून कोरलेले आहे. एका फेरीला ३.६ सेकंद लागतात, हा काळ हायड्रोजनच्या अणूच्या परिमाणात दिला आहे, कारण वाचणाऱ्याला आपले सेकंद ठाऊक नसणार. ज्याच्या अस्तित्वाचीही खात्री नाही त्या श्रोत्यासाठी एवढी काळजी घेतली गेली. राजारामपुरीतल्या श्रोत्यासाठी मात्र कोणी एक ओळ लिहीत नाही!

कोल्हापूरला या प्रश्नाशी विशेष कर्तव्य आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँ येथे राहिले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर ते मुंबईस गेले, आणि १९४६ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका मागे नव्हती. म्हणजे जयपूर-अत्रौली गायकीचा जो उगम, तो आपल्याला ऐकायला मिळत नाही. मिळतात त्या शिष्यांच्या तबकड्या. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर मूळ संहिता हरवली आहे आणि हाती फक्त उत्तरकालीन प्रती आहेत. अशा वेळी प्रत्येक प्रतीची तारीख आणि परंपरा जपावी लागते, हे पाठचिकित्सेचे पहिले सूत्र. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून आपण त्या उगमाचा अंदाज बांधतो. त्या तबकड्यांची सालेच पुसली गेली तर अंदाज कशाच्या आधारे बांधणार?

शेजारच्या मिरजेचे उदाहरणही असेच आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणे दोन वेगळ्या काळांतली आहेत: काही १९०५ च्या सुमाराची, तर बहुतेक प्रसिद्ध मुद्रणे १९३० च्या दशकाच्या मध्याची, म्हणजे त्यांच्या निधनापूर्वीच्या शेवटच्या काही वर्षांतली. या दोहोंमध्ये सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे. आपण ज्याला किराण्याचा आलाप म्हणतो तो साठीतल्या गवयाचा आहे की तिशीतल्या, हे माहीत नसताना केलेले रसग्रहण म्हणजे आरंभीची कविता आणि अखेरची कविता एकत्र शिवून कवीच्या 'विकासा'वर निबंध लिहिण्यासारखे आहे.

आणखी एक बारकावा. जुन्या तबकड्यांच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारी. मेणावरचे मूळ मुद्रण परदेशी कारखान्यात जाई आणि तेथील माणसांना गाणारे कोण हे कळावे, असा त्यामागचा उद्देश सांगितला जातो. पुढे ती रीतच पडली. काही पुनर्प्रकाशनांत ही घोषणा कापलेली असते. संगीताचा भाग नाही म्हणून ती गाळली जात असावी. पोथीच्या शेवटी लेखक आपले नाव, गाव आणि शक लिहून ठेवतो. त्या पुष्पिकेला 'काव्याचा भाग नाही' म्हणून कोणा संपादकाने कात्री लावली असती तर आपण त्याला काय म्हटले असते?

चित्रपटगीतांच्या तबकड्यांची कथा याहून करुण आहे, आणि येथे जॅझ पुन्हा आपल्या अंगणात येते. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक १९४० आणि १९५० च्या दशकांत चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'तील (१९५१) संगीताची जी झिंग आहे तीत चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा मोठा वाटा आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी कित्येक गाण्यांची वाद्ययोजना केली. तबकडीवर नाव मात्र गायकाचे आणि संगीतकाराचे. ग्रेगरी बूथ यांचे २००८ चे आणि नरेश फर्नांडिस यांचे २०१२ चे पुस्तक आले तेव्हा कोठे ही नावे वाचकांपर्यंत पोचली. शंकर-जयकिशन यांच्या 'रागा-जॅझ स्टाइल' (१९६८) या तबकडीवर रईस खाँ यांची सतार आहे. आज परदेशी संग्राहक तिची मूळ प्रत धुंडाळतात. आपल्याकडे ती माळ्यावर पडून असण्याचाच संभव अधिक.

यावर तीन आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला असा की, आपले संगीत गुरुमुखातून येते, तबकडी ही केवळ छाया. मान्य आहे. पण गुरूही गेले आणि त्यांचे गुरूही गेले तेथे छायेवाचून काय उरले? दुसरा आक्षेप असा की, आता सारे काही मोबाइलवर फुकट ऐकायला मिळते, मग तबकड्या कशाला? मिळते खरे. परंतु ते मिळते नकलेच्या नकलेच्या स्वरूपात. रागाचे नाव चुकलेले, साथीदारांची नावे गळालेली, मूळ तबकडीचा पत्ता नाही. पाठभ्रष्ट पोथी शंभर जणांनी उतरवून घेतली म्हणून शुद्ध होत नाही. तिसरा आक्षेप प्रकाशकांचा: एवढी माहिती छापली तर किंमत वाढते. आम्ही शंभर पानांची पुस्तिका मागत नाही. मुद्रणाचे साल, तबकडीचा क्रमांक, साथीदार, वाजवण्याचा वेग आणि आवाज किती 'स्वच्छ' केला याची कबुली, एवढे पाच ओळींत मावते.

किंबहुना आता प्रकाशकांवर विसंबण्याचेही कारण उरलेले नाही. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे लाखेच्या तबकड्यांचा फार मोठा भाग आता सर्वांचा झाला आहे. १९९० मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली आणि तिच्या नियतकालिकातून हौशी संग्राहकांनी सूचीचे काम चिकाटीने केले. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १९०८ पर्यंतच्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये छापली. विद्यापीठांचे भाषाविभाग या कामात कोठे आहेत, हा प्रश्न आम्ही आमच्याच व्यवसायबंधूंना विचारतो.

हे काम संगीताच्या विभागाचे, आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. नाट्यपदाची छापील संहिता आणि तबकडीवर गायलेली संहिता पुष्कळदा जुळत नाही. तीन मिनिटांत बसवण्यासाठी कडवे गळते, शब्द फिरतो, एखादी ओळ तानेसाठी तीनदा येते. मराठी रंगभूमीवर प्रत्यक्ष काय म्हटले जात होते, याचा ऐकू येणारा पुरावा याच तबकड्यांत आहे. बंदिशींचे शब्द, त्यांतली ब्रज आणि मराठी उच्चारांची सरमिसळ, हा भाषाभ्यासाचाच विषय आहे.

करता काय येईल, तेही सांगतो. एम. ए. च्या विद्यार्थ्यांनी लघुप्रबंध म्हणून आपापल्या गावातील चार-दोन घरांतल्या तबकड्यांची वर्णनात्मक सूची करावी. लेबल वाचावे, आणि लेबलाजवळच्या कोऱ्या कड्यात लाखेतच उमटलेला मुद्रणक्रमांकही उतरून घ्यावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या जिल्ह्यातील किती घरांत पाणी शिरले हे आपण पाहिले आहे. अशा पाण्यात कागदी लेबल टिकत नाही. लाखेतला क्रमांक टिकू शकतो, आणि त्यावरून हरवलेली माहिती परत जुळवता येते. जे ऑनलाइन खरेदी करतात त्यांनी विक्रेत्याकडे तबकडीची स्थिती विचारावी तशीच त्या क्रमांकाची छायाचित्रेही मागावीत, आणि माहिती न देणाऱ्या पुनर्प्रकाशनावर पैसे घालण्याआधी प्रकाशकाला एक पत्र लिहावे. ग्राहक मागेनासा झाला की संपादक आळशी होतो, हे पाठ्यपुस्तकांच्या बाजारात आपण रोज पाहतो.

मौखिक परंपरेची थोरवी आपण भाषणांतून पुष्कळ गातो. त्या परंपरेचा जो थोडा भाग लाखेवर उमटला, त्याचे साल आणि नाव जपणे हे त्या थोरवीला साजेसे साधे काम आहे. ते करायला मोठा निधी लागत नाही. वही, पेन्सिल, भिंग आणि ग्रंथसंपादनातून अंगी बाणलेला संशय, एवढे पुरते.