टाकीतली भाऊबंदकी



गेल्या अंकात खाऱ्या पाण्याची टाकी घरात कशी बसवायची, याबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर बऱ्याच वाचकांचे फोन आले, काही ई-मेलही आल्या. मला वाटलं होतं, प्रश्न येतील ते मिठाचे, फिल्टरचे, नाहीतर विजेच्या बिलाचे. पण बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच : "अहो, आमचे मासे एकमेकांच्या जिवावर उठलेत. काय करायचं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मार खाणारा मासा जखमेनेच मरतो असं नव्हे. तो कोपऱ्यात दबून बसतो, खायला बाहेर येत नाही, हळूहळू खंगतो, अंगावर पांढरे ठिपके उठतात. नाहीतर एका रात्री जीव वाचवायला उडी मारतो आणि सकाळी कार्पेटवर सापडतो. त्याच्याबरोबर नुसते पंचवीस-तीस डॉलर जात नाहीत. क्लाउनफिशसारखे काही मासे आता सर्रास टाकीत जन्मलेले मिळतात. 2015 साली हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये पिवळ्या टँगची पिल्लंही टाकीत वाढवण्यात यश आलं. तरी खाऱ्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे आजही समुद्रातून पकडूनच आणतात. फिलिपीन्सच्या नाहीतर इंडोनेशियाच्या प्रवाळावरून आपल्या फॅमिली रूममध्ये आलेल्या जिवाची जबाबदारी आपली आहे.

आता भांडणाचं मूळ. आपल्याकडे गावाला भांडण कशावरून होतं? बांधावरून. आणि कुणाशी? परक्याशी कमी, सख्ख्या चुलतभावाशी जास्त. प्रवाळावर अगदी तोच प्रकार. तिथली प्रत्येक कपार कुणाच्या तरी वहिवाटीची असते. काही जातींचे डॅमसेल मासे तर दगडावर शेवाळाची चक्क शेती राखतात आणि आपल्या दसपट मोठ्या माशाच्याही अंगावर धावून जातात. कोनराड लोरेन्त्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने (1973 सालच्या नोबेल पारितोषिकाच्या तीन मानकऱ्यांपैकी हे एक) फ्लोरिडाच्या समुद्रात आणि घरच्या टाकीत प्रवाळावरचे मासे न्याहाळले. आक्रमकतेवरच्या आपल्या 1963 सालच्या पुस्तकात त्यांनी नोंदवलं की, हे भडक रंगांचे मासे सर्वांत जास्त तुटून पडतात ते आपल्याच जातभाईंवर. कारण उघड आहे. ज्याचं अन्न तेच, ज्याला बीळही तसंच हवं, तोच खरा वाटेकरी.

समुद्रात हरलेला मासा पळून दुसरीकडे चूल मांडतो. चार फुटांच्या टाकीत तो पळून पळून जाणार कुठे? म्हणजे मासा दुष्ट नसतो; पळायला जागा न ठेवणारं डिझाइन आपलं असतं. माशाचा स्वभाव बदलणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत : कोण, कुठल्या क्रमाने आणि कशा मांडणीत.

पहिलं, कोण. ज्यांचा आकार, रंग किंवा आहार सारखा, त्यांना एकत्र आणू नका. एका टाकीत एकच टँग. या माशाच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सुरीसारखा धारदार काटा असतो, म्हणून तर त्याला सर्जनफिश म्हणतात. दोन पिवळे टँग लहान टाकीत भिडले तर तो काटा काय करतो, हे बघण्याची वेळ न आलेली बरी. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा रॉयल ग्रामा तसा गरीब. पण त्याच रंगांचा रॉयल डॉटीबॅक भलता तिखट. त्या दोघांची गाठ घालू नये. सहा रेघांचा सिक्स-लाइन रॅस लहानपणी गोड दिसतो, पण मोठा झाला की अनेकदा दादागिरी करतो. 'थव्याने राहतात' म्हणून हिरवे क्रोमिस सहा-सात आणावेत, तर घरच्या टाकीत ते एकेक करून कमी होत जातात, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

क्लाउनफिशची गंमत निराळी. ते सगळे आधी नर असतात. जोडीतला जो मोठा आणि वरचढ, तो मादी होतो. म्हणून दोन लहान, पण कमी-जास्त आकाराचे आणावेत. त्यातला धाकटा थोरल्यासमोर अंग थरथरवतो तेव्हा पुष्कळ जण घाबरतात. तो आजार नव्हे. "ताई, तू म्हणशील तसं!" एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं, क्रम. टाकीत सातबारा नसतो, वहिवाट असते. जो आधी आला तो मालक. म्हणून भित्रे मासे आधी, दांडगे शेवटी. आपण नेमकं उलटं करतो. सर्वांत रुबाबदार मासा आधी आणतो आणि मग त्याच्या राज्यात गरीब पाहुणे सोडतो.

तिसरं, मांडणी. दगडांची एकच भिंत रचू नका. दोन-तीन वेगळे ढीग करा, म्हणजे एकमेकांच्या नजरेआड होता येतं. जितके मासे, त्याहून जास्त बिळं हवीत. खाणं एकाच कोपऱ्यात न टाकता दोन टोकांना टाका. टँगला नोरीची, म्हणजे सुशीला लागणाऱ्या समुद्री शेवाळाची, बिनमसाल्याची पट्टी क्लिपला लावून द्या. पोट भरलेला टँग जरा सबुरीने वागतो. टाकीवर जाळीचं झाकण मात्र पाहिजेच.

नवा मासा सोडायच्या दिवशी जुन्यांना आधी पोटभर खायला घाला, चार दगड इकडचे तिकडे करा आणि दिवे बंद ठेवा. मालकांनाच आपली हद्द नव्याने शोधावी लागली की पाहुण्याला उसंत मिळते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे भोकं असलेला पारदर्शक डबा. नव्या माशाला तीन ते सात दिवस टाकीतच त्या डब्यात ठेवायचं. जुने येऊन डोळे वटारतात, टकरा मारतात आणि बऱ्याचदा कंटाळून निघून जातात. टँग फारच चवताळला तर काचेला बाहेरून आरसा लावा. तो आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो, तेवढ्यात नवखा स्थिरावतो.

पाठलाग झाला की लगेच हवालदिल होऊ नका. फूटभर पळवून मालक परत फिरला, तर ती नुसती समज दिली. पण पर फाटलेत, श्वास जोरात चाललाय, मासा वरच्या कोपऱ्यात चिकटून आहे, दोन दिवस खाल्लेलं नाही, यातलं काही दिसलं तर त्याच संध्याकाळी हालचाल करा. वीकएंडची वाट पाहू नका.

आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. 75 गॅलनची टाकी. सुरुवातीला दुकानदाराने "चिवट आहे, मरत नाही" म्हणून निळा डॅमसेल गळ्यात मारलेला. (आता टाकी तयार करायला मासा लागत नाही, बाटलीतला अमोनिया आणि बॅक्टेरिया पुरतात.) तो खरोखरच मेला नाही! दीड वर्षात त्याने टाकीची अख्खी डावी बाजू बळकावली. मग मुलीच्या वाढदिवसाला फायरफिश आला : बोटाएवढा, पुढे पांढरा, मागे लाल आणि महाभित्रा. आई-वडील ऑफिसात, मुलगी शाळेत. पुण्याहून आलेले आजोबा तेवढे घरी. त्यांनी दुपारी फोन केला, "अरे, तो निळा याला जेवू देत नाहीये." संध्याकाळी फायरफिश डब्यात गेला, दगड हलवले, आठवडा गेला. डॅमसेल डब्याला टकरा मारायचा थांबेना. शेवटी प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत खाणं टाकलं. दोन दिवसांनी स्वारी सापडली, ती परत दुकानात. पैसे मिळाले नाहीत.

मुलीने विचारलं, "पण आधी तर तो आला होता ना? मग त्यालाच का घालवायचं?" वडिलांनी उत्तर दिलं ते मला पटलं : "त्याची चूक नाही. त्याच्या घरात माणसं आपण चुकीची आणली. आता त्याला त्याच्यासारख्याच दांडग्यांची टाकी मिळेल." फायरफिश तिसऱ्या दिवशी बिळाबाहेर येऊन खाऊ लागला.

तेव्हा नवा मासा घेण्याआधी दुकानात दोन प्रश्न स्वतःला विचारा : याच्यासारखा कुणी आपल्या घरी आधीच आहे का? आणि हा हरला तर लपणार कुठे? दुसऱ्याचं उत्तर सुचलं नाही, तर रिकाम्या हाताने परत या. आणि घरी आजी-आजोबा आले असतील, तर त्यांची खुर्ची टाकीसमोर ठेवा. दुपारच्या मारामाऱ्या त्यांच्याइतक्या बारकाईने बघणारं दुसरं कुणी नाही.

पुढच्या अंकात : सुट्टीला महिनाभर भारतात जाताना टाकी कुणाच्या भरवशावर ठेवायची? तोवर तुमच्या टाकीत शांतता नांदो. लोभ आहेच, तो वाढावा.